कानतोड्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना कानतोड्या आहे. लगेच आपापले कान झाकू नका. तुमच्या कानांशी मला काही देणेघेणे नाही. ते उपटायला तुमचे गुरुजी समर्थ आहेत. माझा संबंध फक्त कपांच्या कानांशी.

चिनीमातीचे कप बनवणाऱ्या एका कारखान्यात, कचेरीच्या काचेला लागून असलेल्या टेबलावर मला चार बोल्ट मारून जखडले आहे. माझे शरीर म्हणजे एक ओतीव लोखंडी चौकट, खाली कप धरणारा जबडा, वर एक आकडा, बाजूला फिरवायचा दांडा आणि कपाळावर एक गोल तबकडी. भाजून निघालेला कप जबड्यात धरतात, आकडा त्याच्या कानात अडकवतात आणि दांडा फिरवतात. सुई चढत जाते, चढत जाते आणि कट्! कान एकीकडे, कप दुसरीकडे. सुई जिथवर पोहोचली तेवढा त्या कानाचा दम.

जगात काही घडवणाऱ्यांचे सत्कार होतात. मी आयुष्यात काहीही घडवले नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी फक्त मोडले. त्यामुळे माझ्यावर कुणाचे प्रेम नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही कुणावर नाही.

मला एका कुलपे दुरुस्त करणाऱ्याने बनवले. आत्ताच्या मालकांच्या वडिलांनी त्याला सांगितले होते, "असं यंत्र कर, जे माझी भीड ठेवणार नाही." त्याने मला घडवले, रंगवले आणि म्हणाला, "याला तोंड ठेवलं नाही. तोंड आलं की गोड बोलणं आलं." पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. पाहुणे आले की आधी माझ्यापुढे आणत. एखादा कप त्यांच्यादेखत तोडला जाई. पाहुणे दचकत, मालकांचे वडील खूश होत. दरवर्षी मला हिरवा रंग मिळे. पुढे वडील गेले, मुलगा मालक झाला आणि रंग बंद झाला. नव्या मालकांच्या मते मोडण्याच्या यंत्रावर खर्च करणे म्हणजे तोट्याला दागिने घालणे.

माझ्यासमोरच्या लांब टेबलावर आठ बायका बसत. त्यांचे काम कपांना कान लावणे. ओल्या कपाला पातळ मातीचा थेंब लावायचा, कान दाबून बसवायचा, अंगठ्याने सांधा पुसायचा आणि कपाच्या बुडाला आपली खूण ओढायची. या आठांत दोघी सख्ख्या जावा होत्या. एक थोरली, एक धाकटी. एका घरात दोन चुली, एका टेबलावर थोरलीची मानाची मधली जागा आणि धाकटीचे टोक, आणि दोघींत अबोला. पण अबोला असला म्हणून बोलायचे थांबते थोडेच? त्या माझ्याशी बोलत.

"काय रे कानतोड्या," धाकटी कप वाळवायला ठेवता ठेवता म्हणे, "काही काही माणसांचे कान हल्ली फार लवकर तुटतात म्हणे!"

"कानतोड्या," थोरली मान वर न करता म्हणे, "सांग तिला, काही माणसांना कानच नाहीत. घरात सासू हाका मारते ते ऐकू येत नाही."

मी दोघींचे कप सारख्याच निर्दयपणे तोडत असे.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून निघाला. घरात धाकटीचे तोंड दिसण्याआधी बाहेर पडायचे, असा थोरलीचा नेम होता. म्हणून ती कारखान्यात सगळ्यांच्या आधी येई आणि तिचे ट्रे सगळ्यांच्या आधी भरत. कपांची भाजणी भट्टीवाल्या काकांकडे. भट्ट्या दोन, एक जुनी आणि एक नवी. प्रत्येकीत खालून वर पाच फळ्या. काकांची कंबर गेलेली. वाकणे नको आणि हात उंचावणे नको, म्हणून पहिले ट्रे ते कंबरेइतक्या उंचीच्या तिसऱ्या फळीवर सारत. त्यामुळे भट्टी कोणतीही पेटवायची असो, तिसऱ्या फळीवर बहुतेक थोरलीचे कप जात. मधूनच एखाद्या दिवशी धाकटी निव्वळ खोडसाळपणाने तिच्याही आधी येऊन बसे. त्या दिवशी तिसरी फळी धाकटीची.

आणि फळ्यांचे म्हणाल, तर जुन्या भट्टीची तिसरी फळी एका अर्धवट तुंबलेल्या बर्नरसमोर होती. तिथले कप बाहेरून गोरेगोमटे, आतून कच्चे. नव्या भट्टीची तिसरी फळी मात्र बरोबर आचेच्या तोंडी. तिथले कान तोडताना माझाच दम निघे. पण मला तोंड ठेवलेले नव्हते. तबकडी बघून प्रत्येक कानाचा आकडा लिहीत होते, पण कोणता आकडा कशामुळे आला हे विचारण्याची कुणाला गरज वाटली नव्हती.

मग एक दिवस एका मोठ्या हॉटेलातून कप परत आले. तिथल्या समारंभात कपाचा कान एका पाहुण्याच्या बोटात राहिला आणि कप, आतल्या गरम चहासकट, त्याच्या मांडीवर उतरला. पाहुणा साधासुधा असता तर गोष्ट मिटली असती. तो हॉटेलमालकाचा सासरा निघाला.

"यात कुणाचा तरी हात आहे!" मालक गरजले. त्यांचे चुकले इथेच. दोष फळीचा असू शकतो, आचेचा असू शकतो, निव्वळ नशिबाचाही असू शकतो. पण माणसाला राग आला की त्याला माणूसच हवा असतो. फळीवर ओरडण्यात मजा नाही.

मालकांनी जावयाला बोलावले. हे जावईबापू आकडेशास्त्र शिकलेले. अतिशय हुशार. इतके हुशार की भट्टीपर्यंत चालत जाण्याची त्यांना कधीच गरज पडली नाही. धुळीने शिंका येतात म्हणून ते काचेच्या आत बसत आणि आकडे बाहेरून मागवत. प्रत्येक कपामागे चार गोष्टी आत गेल्या: भट्टी कोणती, फळी कितवी, खूण कोणत्या हाताची आणि माझी सुई किती चढली. पुष्कळ कप तोडले. दांडा फिरवणाऱ्याच्या हाताला घट्टे पडले, माझा आकडा वाकला. कौतुक जावईबापूंचे झाले.

त्यांचे काम म्हणजे काय होते, ते सांगतो. एक कान तुटतो तेव्हा दोषाची वाटणी करायची असते. थोडा वाटा भट्टीचा, थोडा फळीचा, थोडा हाताचा, उरलेला नशिबाचा. प्रत्येक फळीची आणि प्रत्येक हाताची आपापली एक खोड असते. जावईबापू तिला यादृच्छिक परिणाम म्हणत आणि त्यांच्या पद्धतीला मिश्र मॉडेल. भट्टीवाले काका म्हणत, "ज्याची त्याची खोड." काकांनी दिलेले नाव सहज उच्चारता येत होते, म्हणून कुणी ते मनावर घेतले नाही.

पण वाटणी करण्याआधी कॉम्प्युटरला घरातली नाती सांगावी लागतात. फळी भट्टीच्या पोटात असते. जुन्या भट्टीची तिसरी फळी उठून नव्या भट्टीत जाऊन बसत नाही. नंबर सारखा असला तरी त्या दोन वेगळ्या फळ्या. कारखान्यात यावरून कधी गोंधळ झाला नव्हता, कारण 'तिसरी फळी' म्हणणारा माणूस त्या भट्टीसमोरच उभा असे. याउलट हात कुठल्याच भट्टीच्या पोटात नसतो. थोरलीचे कप आज या भट्टीत, उद्या त्या भट्टीत. तिचा हात दोन्ही भट्ट्यांतून आडवा जातो, उभ्या धाग्यांतून आडवा धागा जावा तसा.

जावईबापूंनी नेमके उलटे सांगितले. फळ्यांना नुसते एक ते पाच नंबर दिले आणि भट्टीशी त्यांचे नाते सांगायला विसरले. हात मात्र भट्टीच्या पोटात घातले. कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक. त्याने दहा फळ्यांच्या पाच केल्या आणि आठ बायकांच्या सोळा.

मग काय व्हायचे ते झाले. जुनी कच्ची तिसरी आणि नवी पक्की तिसरी यांची सरमिसळ होऊन तिसरी फळी सज्जन ठरली. दोष कुठेतरी जायलाच हवा होता. तो ज्याचे कप तिथे सर्वांत जास्त होते त्याच्या बोडक्यावर बसला.

"सापडला!" जावईबापू काचेआडून बाहेर येत म्हणाले. "फळ्या निर्दोष आहेत. सगळ्यांत कच्चा आहे तो पहिला हात."

"पहिला हात म्हणजे थोरली," मालक म्हणाले. त्यांनी तिला तिथेच, माझ्या टेबलापाशी बोलावले.

"बाई, येत्या शनिवारपासून येऊ नका."

"का?"

"कॉम्प्युटर म्हणतो, तुमचा हात कच्चा आहे."

"त्यानं माझा हात कधी बघितला?"

"आकडे बघितले."

"मग आकड्यांनाच कान लावायला बसवा," थोरली म्हणाली आणि जाऊन कामाला लागली. पण त्या दिवशी मी तिच्याकडे पाहिले तेव्हा तिचा अंगठा सांध्यावरून पुन्हा पुन्हा फिरत होता. मित्रांनो, या धंद्यात कच्च्या हाताची बाई असे एकदा नाव झाले की दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात टेबल मिळत नाही. घरी नवऱ्याची दृष्टी गेल्यापासून तिचे घर तिच्याच दहा बोटांवर चालले होते. तिचे काम गेले असते, नाव गेले असते, आणि ती गेल्यावर टेबलाच्या मधल्या जागेवर कोण बसले असते हे सांगायला नको.

"कानतोड्या," धाकटी म्हणाली, "मी म्हणत नव्हते?"

थोरलीने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तो आठवडा मला जड गेला. माझ्यासारख्या लोखंडालाही कुणीतरी टोमणा मारावा असे वाटू लागले.

शुक्रवारी दुपारी मालकांचे शेंडेफळ आले. म्हणजे त्यांची धाकटी मुलगी, जावईबापूंची मेहुणी. ती परीक्षा मंडळात काम करी. कोणता परीक्षक हात राखून मार्क देतो आणि कोणता सढळ हाताने वाटतो, हे शोधणे तिचा धंदा. बहिणीच्या लग्नात जावईबापू तिला म्हणाले होते, "म्हणजे तुमचं काम बेरीज-वजाबाकीचं." तेव्हापासून ती त्यांची चूक सापडण्याची वाट पाहत होती.

कचेरीत जागा नव्हती म्हणून मालक, जावईबापू आणि ती असे तिघे माझ्याच टेबलावर डबे उघडून बसले. जावईबापूंनी घास घेता घेता आपला कागद मेहुणीपुढे सरकवला. माणसाने कौतुकाची भूक जेवणाच्या वेळी तरी आवरावी.

तिने कागद वाचला. मग समोरच्या टेबलाकडे बोट केले. "भावजी, तिथं बायका किती आहेत?"

"आठ."

"मोजल्यात?"

"बाबांनी सांगितलं."

"मग इथं सोळा ओळी कशा?"

"त्या हातांच्या ओळी आहेत."

"अच्छा. प्रत्येकीला दोन हात असतात म्हणून?"

"तसंच काहीतरी," जावईबापू म्हणाले. मालकांनी मान डोलावली. त्यांना ते पटले होते.

"बरं, सगळ्यांत वाईट कोण?"

"जुनी भट्टी, पहिला हात."

"आणि सगळ्यांत चांगलं? खालून वाचा. मोठ्यानं."

जावईबापूंनी खालची ओळ पाहिली. ती त्यांनी तोवर पाहिलीच नव्हती. वाईट माणूस सापडल्यावर चांगला शोधायला कोण जातो? "नवी भट्टी," ते म्हणाले, "पहिला हात."

"बाबा, हा नव्या भट्टीचा पहिला हात कोण?"

"थोरलीच की," मालक म्हणाले आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे तुम्ही कारखान्यातल्या सगळ्यांत वाईट बाईला काढताय आणि सगळ्यांत चांगल्या बाईला ठेवताय. छान आहे. फक्त उद्यापर्यंत त्या दोघींना एकमेकींपासून सोडवा."

"थट्टा करू नकोस," जावईबापूंचा आवाज चढला. "परीक्षेचे मार्क आणि कारखान्यातले कप यांत फरक असतो."

"असतो ना. मार्क कुणाच्या मांडीवर सांडत नाहीत." तिने डब्याचे झाकण लावले. "भावजी, दहा शाळांत दहा अ तुकड्या असतात. या शाळेची अ आणि त्या शाळेची अ एकच का? तुमच्या फळ्या म्हणजे या तुकड्या. तुम्ही सगळ्या एका वर्गात कोंबल्यात. आणि परीक्षक एकच माणूस असतो, तो पाच शाळांचे पेपर तपासतो. म्हणून काय पाच परीक्षक झाले? त्याला पाच पगार मिळतात? तुमचे हात म्हणजे हा परीक्षक."

"मॉडेल बदललं की उत्तर बदलतंच," जावईबापू म्हणाले. "मग खरं कोणतं मानायचं?"

"जिथं एक बाई एकच राहते, ते."

यावर त्यांना शिंक आली. धुळीमुळे असावी.

पण आकड्यांपुढे त्यांचा इलाज नव्हता, आणि सासऱ्याचा घास अजून हातातच होता. त्यांनी कॉम्प्युटर माझ्या शेजारी आणून ठेवला आणि मेहुणीच्या डोळ्यांदेखत सगळे पुन्हा मांडले. फळ्यांना 'जुनी तीन', 'नवी तीन' अशी पूर्ण नावे दिली. हात भट्टीच्या पोटातून बाहेर काढून मोकळे सोडले. थोरली आणि धाकटी यांनी फळी अधूनमधून बदललेली होतीच. दोघींच्या त्या वैरामुळेच हात कोणता आणि फळी कोणती हे कॉम्प्युटरला वेगळे करता आले. त्या दोघींत गोडवा असता तर थोरलीची खैर नव्हती.

नवे उत्तर आले. 'जुनी तीन' खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली होती.

भट्टीवाल्या काकांना बोलावले. ते कण्हत वाकले, बर्नरमध्ये सळई घातली आणि पसाभर काजळी बाहेर ओढली. "फळी कंबरेच्या सरळ रेषेत होती," ते म्हणाले, "पण बर्नरच्या तोंडात बघायला वाकावं लागतं ना."

"आणि हात?" मालकांनी विचारले. "हातांचं काय?"

"हातांत काही फरकच नाही," शेंडेफळ म्हणाले. "आठही हात जवळजवळ सारखे. जो थोडा दिसतो तो नशिबाचाही असू शकेल."

मालकांना हायसे वाटले. त्यांनी ही आनंदाची बातमी लगेच टेबलापाशी जाऊन मोठ्याने सांगितली. माणसाने आनंदाची बातमी सांगण्याआधी समोर कोण बसले आहे ते पाहावे.

आठही बायकांनी हातातले कप खाली ठेवले.

"सारखे?" एकीने विचारले.

"म्हणजे मी आणि ही?" धाकटी उभी राहिली. "सारख्या?"

"कॉम्प्युटर तसं म्हणतो," मालक म्हणाले.

"मग बंद करा तो!"

"मालक," थोरली म्हणाली, "कच्चा हात म्हणालात, ते गिळलं. पण हिच्याइतकाच?"

मालक काचेकडे सरकले. आत जावईबापू नव्हते. ते मागच्या दाराने गाडीपर्यंत पोहोचले होते. शेंडेफळ मात्र माझ्या टेबलाला टेकून उभे होते, आणि इतकी रागावलेली माणसे एकत्र पाहून त्याच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हते.

"जाऊ द्या बाई," मालक शेवटी थोरलीला म्हणाले. माफी मागणे त्यांना वडिलांनी शिकवले नव्हते. "ते शनिवारचं विसरा. उद्या वेळेवर या."

"शनिवारपासून येऊ नका म्हणाला होतात ना?"

"हो, पण आता..."

"मग शनिवारी मी येत नाही," थोरली हात धूत म्हणाली. "तुमचा शब्द मोडायचा नाही मला. सोमवारी येते. मधली जागा माझी आहे, तिच्यावर कुणी बसायचं नाही."

आणि ती गेली. इतक्या वर्षांत तिने घेतलेली ती पहिली सुट्टी. मालकांनी तिचा पगार कापला नाही. का, ते त्यांनी कुणाला सांगितले नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मित्रांनो, त्यानंतर कान पक्के होऊ लागले आणि माझी गरज संपली. आता आठवड्यातून एकदा कुणीतरी दोन कप तोडते, तेही कर्तव्य म्हणून. माझ्या आकड्याला आता कुणी छत्री अडकवते, कुणी पिशवी. दांडा कुरकुरतो. जबड्याच्या सांध्यात गंज धरला आहे.

तुम्ही मोठे व्हाल, आकडे मांडाल, कुणाची तरी वाटणी कराल. तेव्हा आधी चार पावले चालून जा आणि पाहा की कोण कुणाच्या पोटात आहे आणि कोण सगळ्यांतून आडवा जातो. नंबर सारखा दिसला म्हणून दोन गोष्टींची एक करू नका, आणि एका माणसाची दोन तर मुळीच करू नका. शिंका आल्या तरी चालतील.

आणि मला तेल द्या. ही भीक नाही, ही ताकीद आहे. मी गंजलो तर दांडा जड जाईल, सुई अडखळेल आणि चांगला कान कच्चा दिसेल. कागदावर माझ्या गंजासाठी रकाना नसतो. माझा वाटा तुम्ही वेगळा काढणार नाही. तो जाईल कुणाच्या तरी हातावर, आणि शनिवारपासून येऊ नको असे तिला तुम्ही माझ्यासमोरच सांगाल.